टपाल तिकिटाची किंमत कशी ठरते? जुना अल्बम हाती आल्यावर काय करायचं

"हे तिकीट शंभर वर्षांपूर्वीचं आहे, याचे किती येतील?" नाशिकमध्ये तिकिटं जमवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. भद्रकालीतला किंवा पंचवटीतला एखादा जुना वाडा उतरवायला काढतात, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, तिच्यात आजोबांचा अल्बम नाहीतर दोरीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा सापडतो, आणि घरातले सगळे भोवती जमतात. नाशिकरोड, जेलरोडच्या बाजूला तर घरातल्या कुणीतरी तिकिटं छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरी केलेली असते, त्यामुळे तिकिटांबद्दल आपुलकीही असते आणि आशाही.

माझं म्हणणं असं, की किती येतील हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच शोधायची: हे नेमकं कोणतं तिकीट आहे, आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. ती मिळाली की किमतीचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालेलं असतं. ती न शोधता कुणाकडे गेलात, तर समोरचा सांगेल तो भाव मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

सुरुवातीला हात आवरा

सापडलेला ऐवज पहिल्या दिवशी आहे तसाच राहू द्या. पाकिटावरचं तिकीट सोडवू नका, कापू नका, पाण्यात टाकू नका. जुन्या पाकिटाची किंमत अनेकदा त्यावरच्या तिकिटाच्या कितीतरी पट असते, आणि तिकीट एकदा सुटं केलं की ती परत येत नाही. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. तिचा पिवळा डाग कागदात कायमचा उतरतो. अल्बममध्ये चिकटलेलं तिकीट नखाने उचकटू नका. मळलेलं दिसलं तरी खोडरबर फिरवू नका.

मग थोडं सामान जमवा. सपाट टोकाचा चिमटा (बोटांचा घाम आणि तेल डिंकाला बाधतं), दहापट मोठं दाखवणारं भिंग, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची परफोरेशन पट्टी, एखादी काळी गुळगुळीत टाइल किंवा बशी, आणि तिकिटं ठेवायला स्टॉकबुक. स्टॉकबुक घेताना मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक कप्प्यांचं घेऊ नका; काही वर्षांत ते प्लास्टिक तिकिटाची शाई ओढायला लागतं.

वय म्हणजे किंमत नव्हे

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८८२ नंतरच्या मालिकेतलं अर्ध्या आण्याचं निळसर हिरवं तिकीट घ्या. सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, पण त्या काळात देशभर रोजच्या पत्राला हेच लागायचं, अफाट संख्येने छापलं गेलं आणि अफाट संख्येने उरलंही. वापरलेलं साधं तिकीट आजही चिल्लर भावात मिळतं. याउलट महात्मा गांधींचं १९४८ सालचं १० रुपयांचं तिकीट त्या मानाने कालचं, पण तेव्हाचे १० रुपये म्हणजे मोठी रक्कम. फार थोड्यांनी घेतलं, त्याहून थोड्यांनी जपलं. त्याच मालिकेतली दीड आण्याची आणि साडेतीन आण्याची तिकिटं वापरलेल्या अवस्थेत सहज मिळतात. माणूस तोच, साल तेच, भाव मात्र आभाळाएवढा वेगळा.

आपल्या भागातली माणसं असलेली तिकिटं नाशिककर प्रेमाने जपतात: भगूरच्या सावरकरांचं १९७० चं, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं १९७१ चं, येवल्याच्या तात्या टोप्यांचं १९८४ चं. जपावीतच. पण त्या काळातली बहुतेक स्मारक तिकिटं भरपूर छापली गेली आणि कोरी ठेवणारेही भरपूर होते, म्हणून बाजारात त्यांना मोठा भाव नाही. किती छापलं यापेक्षा चांगल्या अवस्थेत किती उरलं आणि ते हवं असणारे किती आहेत, यावर भाव ठरतो.

नेमकं कोणतं तिकीट, हे ओळखणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वरवर सारखी दिसणारी दोन तिकिटं कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांच्या छापील भावयादीत, दोन वेगवेगळ्या क्रमांकांची असू शकतात. फरक चार ठिकाणी दडलेला असतो: वॉटरमार्क (कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण), दाते, छपाईची पद्धत आणि ओव्हरप्रिंट.

वॉटरमार्क शिकायला नाशिकइतकं योग्य उदाहरण नाही. १८५५ पासून भारताची तिकिटं लंडनची डी ला रू कंपनी छापत असे. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून तिची तिकिटं येऊ लागली. पाचव्या जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट दोन्हीकडे छापलं गेलं. समोरून बघून सहसा कळत नाही. कागदात मात्र फरक आहे: लंडनच्या तिकिटात साधारण मधोमध एकच तारा, नाशिकच्या तिकिटात अनेक तारे विखुरलेले, काही कडेला कापले गेलेले.

बघायची पद्धत अशी. तिकीट काळ्या टाइलवर पालथं ठेवायचं. त्यावर लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलचे दोन थेंब सोडायचे. कागद ओला होऊन करडा होतो आणि क्षणभरात तारे गडद उमटतात. नीट बघून घ्या, कारण पेट्रोल उडून गेलं की कागद पुन्हा होता तसा होतो. डिंकाला काही होत नाही. हे काम खिडकीशी, पंखा बंद करून, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब करायचं. आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने (कोरलेल्या सिलिंडरवरून) छापलेल्या काही तिकिटांची शाई पेट्रोलमध्ये विरघळते. नाशिकच्या प्रेसने ही पद्धत १९५२ च्या संत आणि कवींच्या मालिकेपासून वापरली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी ती सहा तिकिटं. त्या पद्धतीची तिकिटं नुसती उजेडासमोर धरून बघावीत.

सरावासाठी आणखी एक स्वस्त मालिका आहे. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तेव्हाची भारताच्या नकाशाची तिकिटं. ती आधी ताऱ्यांच्या कागदावर छापली, नंतर अशोकस्तंभाच्या शीर्षाचा वॉटरमार्क असलेल्या कागदावर. मूठभर वापरलेली नकाशाची तिकिटं घेऊन बसा, उजेडासमोर धरून बघा आणि दोन ढीग करा. एका संध्याकाळीच डोळा तयार होतो. मग १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची मालिका हाती घ्या. तीही नाशिकचीच. तिच्यात ताऱ्यांची टोकं डावीकडे वळली आहेत की उजवीकडे, एवढ्यावरूनही संग्राहक फरक करतात.

दाते मोजायचे ते दोन सेंटीमीटर लांबीत. पट्टीवर तिकीट सरकवत न्यायचं, सगळी भोकं ठिपक्यांवर बसली की तो आकडा. साडेतेरा बाय चौदा असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा आडव्या बाजूचा, दुसरा उभ्या बाजूचा. अगदी जुन्या, १८५४ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या तिकिटांना दातेच नाहीत. ती लोक कात्रीने कापून वापरत. म्हणून तिथे चारही बाजूंना किती कोरी जागा राहिली यावर भाव चढतो-उतरतो. त्यातलं चार आण्याचं दुरंगी तिकीट अष्टकोनी चित्राचं आहे. अनेकांनी ते हौसेने अष्टकोनी कापलं, आणि तशा कापलेल्याची किंमत चौकोनी, भरपूर कडा असलेल्यापेक्षा पुष्कळच कमी होते.

छपाईची पद्धत भिंगाखाली कळते. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये रंग बारीक जाळीत उतरलेला, सलग दिसतो. आजच्या प्रिंटरवर केलेल्या नकलेत रंगीत ठिपक्यांची वेगवेगळी वर्तुळं दिसतात. नकली माल ओळखायला पुढे हीच सवय कामी येते.

आता ओव्हरप्रिंट, म्हणजे आधी छापलेल्या तिकिटावर वरून छापलेला मजकूर. आपल्या गावाचं नाव जगभरच्या कॅटलॉगमध्ये आहे ते यामुळेही. १ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानने काढलेली पहिली तिकिटं म्हणजे भारताचीच सहाव्या जॉर्जची तिकिटं, वर 'पाकिस्तान' असं इंग्रजीत छापलेली, आणि ते छापलं नाशिकरोडच्या प्रेसने. संग्राहक त्यांना आजही 'नाशिक ओव्हरप्रिंट' म्हणतात. ती पुरेशी पोचेपर्यंत तिकडे ठिकठिकाणी हाताने शिक्के मारूनही काम भागवलं गेलं. नाशिकची छपाई एकसारखी, रेघेत बसलेली. हातशिक्के वाकडेतिकडे, वेगवेगळ्या शाईचे. काही हातशिक्के दुर्मीळ आहेत, आणि हातशिक्का घरी बनवणंही सोपं, त्यामुळे खोटे चिकार.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा जादा कर लागला, तेव्हा कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' छापलं गेलं. तिथेही हेच: नाशिकची छपाई सहज मिळते, स्थानिक छपायांमधल्या काही कमी मिळतात. नियम म्हणून लक्षात ठेवा, की मूळ तिकीट स्वस्त आणि ओव्हरप्रिंटमुळे ते महाग होत असेल तर आधी संशय घ्यायचा.

अवस्था: निम्मा भाव इथे ठरतो

नेमकं तिकीट कळलं, की ते कसं आहे ते बघा. चित्र कागदाच्या मधोमध बसलंय का? दाते पूर्ण आहेत का, कोपऱ्याचा एखादा तुटला आहे का? घडी, चीर, टाचणीचं भोक? पेट्रोलच्या तपासणीत तारे दिसतात तशाच घड्या आणि पातळ झालेल्या जागाही गडद उमटतात. मागचा हिंज (तिकीट अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी) ओढून काढताना कागदाचा पापुद्रा गेला की ती जागा पातळ होते. समोरून तिकीट देखणं दिसतं, पण भाव घसरतो.

कोऱ्या तिकिटात डिंकाला फार महत्त्व आहे. मूळ डिंक शाबूत आणि मागे हिंजची खूण नाही, ती सर्वोत्तम अवस्था. स्टॅनली गिबन्स या लंडनच्या तिकीट विक्रेत्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये पाचव्या जॉर्जपर्यंतच्या कोऱ्या तिकिटांचा भाव हलकी हिंजची खूण गृहीत धरून दिलेला असतो. सहाव्या जॉर्जपासून पुढे मात्र अजिबात खूण नसलेल्या तिकिटाचा. ही गोष्ट माहीत नसल्याने अनेक जण १९४० च्या दशकातली हिंज लावलेली तिकिटं पूर्ण भावाने मोजतात. नव्याने डिंक फासून जुनी उणीव लपवण्याचेही प्रकार आहेत. तिथे दात्यांची टोकं बघा: छापताना डिंक आधी लागतो आणि भोकं नंतर पडतात, म्हणून खऱ्या तिकिटाच्या दात्यांचे तंतू मोकळे, मऊ असतात. नंतर डिंक लावला की तो तंतूंत झिरपतो आणि टोकं कडक लागतात.

आपल्याकडच्या जुन्या संग्रहांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तांबूस ठिपके. दमट हवेत, डिंकाच्या बाजूने सुरू होतात आणि दात्यांच्या टोकांवर आधी दिसतात. आषाढ-श्रावणात नाशिकची हवा कोरडी राहत नाही. बंद ट्रंकेत तर बघायलाच नको. असे ठिपके असलेलं तिकीट निरोगी तिकिटांजवळ ठेवू नका. अल्बम आडवे एकावर एक न रचता उभे ठेवा, म्हणजे वजनाने डिंक चिकटत नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळा सरल्यावर एकदा पानं उलटून हवा लागू द्या. ठिपके घालवायला रसायनं लावण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. डाग फिका होतो, कागद मरतो, आणि जाणकाराला ते कळतंच.

वापरलेल्या तिकिटावर शिक्का कसा पडलाय ते बघतात. हलका, गोल, गाव आणि तारीख वाचता येणारा शिक्का सगळ्यांना हवा असतो. चेहरा झाकून टाकणारा काळा थापा नको असतो. शाईने सही किंवा रेघ मारलेली असेल तर ते तिकीट बहुधा पावतीवर महसुलासाठी वापरलेलं. टपालात वापरलेल्याच्या मानाने त्याला कमी मोल.

पाकीट आणि शिक्का

कधीकधी तिकीट दोन रुपयांचं असतं आणि पाकीट दोन हजारांचं. देवळालीची लष्करी छावणी जुनी आहे. महायुद्धाच्या काळात तिथून गेलेल्या किंवा तिथे आलेल्या पत्रावर लष्करी टपालाचा शिक्का असेल, सेन्सॉरने उघडून पुन्हा बंद केल्याची पट्टी असेल, तर टपालाचा इतिहास जमवणारे तिकिटाकडे बघण्याआधी त्याकडे बघतील. तसंच १५ ऑगस्ट १९४७ च्या तारखेच्या 'जय हिंद' शिक्क्याचं. पत्र गेलं कुठून कुठे, किती वजनाचं, किती आणे लागले, ते दर त्या काळाशी जुळतात का, वाटेत कुठले शिक्के पडले, हे सगळं वाचायचं. पाठीमागची बाजूही. आतलं पत्र पाकिटातच राहू द्या.

फर्स्ट डे कव्हरबद्दल, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेल्या पाकिटाबद्दल, मात्र फार अपेक्षा नको. १९६०-७० नंतर ती छंद म्हणून मुद्दाम करून घेतलेली असतात आणि घरोघरी गठ्ठे आहेत.

चुका, आणि चुका वाटणाऱ्या गोष्टी

छपाईतली खरी चूक अमोल असू शकते. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटात राणीचं मस्तक उलटं छापलं गेलेलं आहे, ते जगातल्या नामांकित दुर्मीळ तिकिटांपैकी. पण शाई जराशी फिकी, भोकं थोडी सरकलेली, एखादा ठिपका जास्त, या किरकोळ गोष्टी. हौशी संग्राहक थोडे जास्त पैसे देतो इतकंच. एखादा रंग पूर्ण गायब दिसला तर आधी उन्हाने उडालाय का, रसायनाने घालवलाय का, ते तपासा. आणि असं तिकीट पोस्टाच्या खिडकीतून रीतसर विकलं गेलं होतं का, हा प्रश्न नाशिकमध्ये तर विचारायलाच हवा. छपाईतला रद्द माल विक्रीसाठी नसतो. तो कसा बाहेर आला हे सांगता येत नसेल तर त्याला हात लावू नये.

गांधींच्या १० रुपयांच्या तिकिटाच्या नकला इतक्या आहेत, की मी ते घरात सापडलं तरी आधी खोटं समजूनच तपासेन. खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए कंपनीने फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापलेलं, दाते साडेअकरा, कागदात वॉटरमार्क नाही. तारे दिसले, दाते चौदा भरले, किंवा भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले, तर विषय तिथेच संपला. याच तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असं छापलं गेलं होतं. १० रुपयांची अशी फक्त १०० तिकिटं. त्यांतली चारांची एक सलग पट्टी २०१७ मध्ये स्टॅनली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकली. त्या बातमीनंतर 'सर्व्हिस' छापलेले गांधी अचानक खूप ठिकाणी दिसू लागले, यातच काय ते समजावं. या दर्जाचं तिकीट लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञांच्या दाखल्याशिवाय विकत घेऊ नये, आणि तो असल्याशिवाय पूर्ण किमतीची अपेक्षाही ठेवू नये.

आता किंमत

एक वही घ्या, किंवा मोबाइलवर तक्ता करा. प्रत्येक बऱ्या तिकिटापुढे साल, दर्शनी किंमत, रंग, वॉटरमार्क, दाते, कोरं की वापरलेलं, दोष, आणि कॅटलॉग क्रमांक. बाकीचं किरकोळ नुसतं देशवार मोजून लिहा. हजार साध्या तिकिटांची एकेक किंमत शोधण्यात अर्थ नाही, ती ढिगानेच जातात.

मग कॅटलॉग बघा. गिबन्सच्या यादीतला आकडा म्हणजे निर्दोष तिकीट त्यांच्या दुकानातून विकत घ्यायला तुम्हाला पडेल तो भाव. तुम्हाला मिळेल तो नव्हे. त्यातही सगळ्यात स्वस्त तिकिटांना लावलेली किमान रक्कम ही शोधून, पिशवीत घालून देण्याची मजुरी असते. म्हणून साध्या तिकिटांचे आकडे बेरजेत धरू नका. नाहीतर अल्बम कागदावर लाखाचा होतो आणि बाजारात हजारातही जात नाही. दोष असतील तर अपेक्षा आणखी उतरवा. चांगलं तिकीट यादीच्या निम्म्या भावाने गेलं, तर मी तो व्यवहार चांगला समजेन.

त्यापुढे लिलावांचे निकाल बघा. इंटरनेटवर कुणी काय मागतंय ते बघू नका, किती रुपयांना विकलं गेलं ते बघा. तेच तिकीट, तीच अवस्था, अलीकडच्या दोन-तीन विक्री. यातून खरा भाव कळतो. लिलावघर विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून कमिशन घेतं, ते वजा करून हाती काय राहील ते आधी विचारा.

विकायला काढाल तेव्हा एकाच डीलरकडे सगळा अल्बम ठेवून येऊ नका. वहीची एक प्रत सोबत न्या, महत्त्वाच्या तिकिटांचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा, आणि किमान दोघांकडून लेखी भाव घ्या. "चांगलं चांगलं मला द्या, बाकीचं तुम्हीच ठेवा" असं कुणी म्हटलं तर नकार द्या, कारण उरलेल्या ढिगाला मग गिऱ्हाईक मिळत नाही. मोजक्या चांगल्या वस्तू लिलावाला, उरलेलं एकगठ्ठा, ही वाटणी तुमची तुम्ही करा. आणि घरातल्या कुणा मुलाने किंवा मुलीने अल्बम पुढे चालवायचं ठरवलं, तर नवी तिकिटं दर्शनी किमतीत मिळवायला पोस्टात २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. त्या रकमेतून नवी तिकिटं निघतील तशी घरपोच येतात.